थार रॉक्स : एमएक्स५ फोर बाय फोर की एएक्स५एल? पाणंद, घाट आणि रोजची एमआयडीसी

पाणंदवाला

नमस्कार मंडळी. महिंद्राची पाच दारवाली थार रॉक्स घ्यायची हे घरात एकदाचं ठरलं, आता व्हेरिएंटवर घोडं अडलंय. राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत, रोजचं जाणं-येणं गोकुळ शिरगाव एमआयडीसीला, आणि शेती गगनबावडा रोडला आत. मेन रोड सोडला की पुढं पाणंद हाय, पावसाळाभर निव्वळ लाल चिखल आणि ऊस तुटायला लागला की ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधला उंचवटा असा की आत्ताच्या सेडानचं पोट घासतंयच. सुट्टीला करूळ घाटानं खाली कोकणात नाहीतर दाजीपूर साईडला जाणं असतंय.

डिझेल पक्कं. पण शोरूममधला पोरगा पहिल्या वाक्यापासून सगळ्यात वरचं एएक्स७एलच दाखवतोय, पॅनोरामिक सनरूफ, हरमन कार्डनची म्युझिक सिस्टीम, थंड हवेच्या सीटा. आमचे पप्पा म्हणतात छताला भोक पाडायला पैसे कशाला द्यायचे. बायको म्हणते ऑटोमॅटिक नसेल तर मी स्टेअरिंगला हात लावणार नाही. मला स्वतःला फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद) पायजे पण खरंच पायजे का नुसता नाद हाय हे कळंना. एमएक्स५ फोर बाय फोर, एएक्स३एल आणि एएक्स५एल ह्यांच्यात अडकलोय. वापरणाऱ्यांनी सांगा की जरा.

डिझेल_शून्यनऊ

भावा तू फीचरची यादी घेऊन बसलास म्हणून गोंधळ व्हायलाय. रॉक्समध्ये आधी गिअरबॉक्स आणि चाकं ठरव, व्हेरिएंट आपोआप ठरतंय, कारण कंपनीनं पर्यायच तसे कापून ठेवलेत. फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं, पेट्रोलचा विषयच संपला. मॅन्युअल फोर बाय फोर पायजे तर सुरुवात एमएक्स५ पासून. ऑटोमॅटिक फोर बाय फोर पायजे तर एएक्स५एलच्या खाली काय नाही. आणि एएक्स३एल जे तू मधी घातलंयस ते फक्त डिझेल मॅन्युअल आणि फक्त मागची चाकं, त्यामुळं तुझी बायको पण नाराज आणि तुझी पाणंद पण नाराज, ते आजच यादीतनं काढ.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही ती म्हणजे एएक्स३एल हे नाव ऐकून एमएक्स५ च्या वरचं वाटतंय, पण ते एमएक्स३ वर बांधलंय. म्हणजे एडास (कॅमेरा-रडारवर ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम) मिळतंय, मीटरच्या जागी १०.२५ इंचाचा डिजिटल डिस्प्ले मिळतोय, पण एमएक्स५ मधलं सनरूफ-लेदरेट वगैरे नाही. हायवेला रोज पुणं-बेंगलोर मारणाऱ्या माणसासाठी ते बरं व्हेरिएंट हाय, चिखलवाल्यासाठी नाही.

आणि शोरूमवाल्याला एक प्रश्न इचार, एएक्स७एल मॅन्युअल फोर बाय फोर आणि एएक्स५एल ऑटोमॅटिक फोर बाय फोर ह्यांची किंमत २०२४ ला दोन्हीची २०.९९ लाखच होती, मग ऑटोमॅटिक हवी म्हणणाऱ्याला तो आधी एएक्स७एल का दाखवतोय?

चंदगडकर

फोर बाय फोर नाद हाय का गरज, ह्याचं उत्तर तुमच्या पाणंदीतच हाय. नुसता सपाट चिखल असंल तर मागच्या चाकांची गाडी पण चांगल्या टायरवर आणि हवा थोडी कमी करून निघून जाते, बोलेरो पिकअपवाले वर्षानुवर्षं जातातच की. पण चाकोरी म्हटलं की खेळ बदलतो. एक चाक चाकोरीत, दुसरं उंचवट्यावर, गाडी तिरकी झाली की एका मागच्या चाकावरचं वजन जातं आणि साधं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) नेमकी सगळी ताकद त्याच मोकळ्या चाकाला देतं. ते जागेवर भिंगरीसारखं फिरतं, दुसरं ढिम्म. तुम्ही अजून रेस देता, चाक अजून खाली जातं, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर.

फोर बाय फोर रॉक्सला मागं इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल येतं, बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं बरोबर फिरतात. आमच्या लाल मातीत निम्म्या वेळा ह्या एका बटणावरच काम होतं. त्याच्या जोडीला ४एल (फोर बाय फोरचा लो गिअर), म्हणजे इंजिन फिरतंय तेवढंच पण चाकाला वेग कमी आणि जोर जास्त, त्यामुळं क्लच न जाळता मुंगीच्या चालीनं वर चढता येतं.

पण डोळे झाकून जाऊ नका. रॉक्सचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २८५० मिमी, तीन दारवाल्या थारचा २४५०. चढ-उताराला न घासता जायचा कोन पुढून ४१.७ अंश आणि मागून ३६.१ अंश, झकास हाय, अडचण मधल्या पोटाची, तो कोन २३.९ अंशच. म्हणजे बांध ओलांडताना तोंड आणि शेपूट सुटतील पण पोट टेकायची शक्यता राहते. मधला उंचवटा फार असेल तर चाकोरीत चाकं घालायचीच नाहीत, एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला असं चालवायचं. अजून एक, कोरड्या डांबरावर ४एच (चारी चाकं, नेहमीचा वेग) मध्ये फिरू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापावं लागतं, ह्या सिस्टीममध्ये मधलं डिफरन्शियल नाही, ताण सगळा ट्रान्सफर केसवर (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीवर) येतो. करूळ घाट कितीही ओला असला तरी रस्ता चांगला असेल तर २एच (नुसती मागची चाकं) पुरे.

आणि सगळ्यांनाच सांगतो, गाडी आली म्हणून मसाई पठारावर चाकं उठवायला जाऊ नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र हाय. सड्यावरची माती चार बोटं जाड असते, एकदा उकरली की पुढच्या पावसात फुलं नाही नुसता दगड दिसतो.

तांबडा_पांढरा

६५० मिमी पाण्यातनं जाते म्हणं, मग पुराचं टेन्शन मिटलं की नाही 😀

चंदगडकर

@तांबडा_पांढरा अजिबात नाही. ते ६५० मिमी उभ्या पाण्याचं हाय, हळू चालवलं तर. वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागली की चार चाकं असू देत नाहीतर चाळीस. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद होता, तिथं ट्रक थांबलेले, आपण कोण.

सासने_ग्राउंड

वहिनींच्या बाजूनं कुणीतरी बोला की, म्हणून मी बोलतो. मी स्वतः रोज गाडी चालवणारी बाई हाय आणि आमच्याकडं ऑटोमॅटिक रॉक्स हाय, ऑफरोडला अजून नेली नाही, नेणार बी नाही. पण महाद्वार रोडला नाहीतर शाहूपुरीत शनिवारी संध्याकाळी १८७० मिमी रुंदीची गाडी घेऊन शिरा, मग कळतंय डावा पाय मोकळा असण्याचं सुख काय असतंय. फोर बाय फोर डिझेल ऑटोमॅटिकला १७५ पीएस (ताकद) आणि ३७० एनएम (खेच), एमएक्स५ च्या मॅन्युअलला १५२ आणि ३३०, म्हणजे ऑटोमॅटिक घेतली म्हणून ताकद कमी असलं काय नाही, उलटच हाय. आणि चिखलात पण ऑटोमॅटिक सोपी जाते असं आमचे दीर म्हणतात, हाफ क्लचचा प्रश्नच येत नाही.

एडासचं मात्र मनावर घेऊ नका. एएक्सच्या सगळ्या गाड्यांना लेव्हल २ हाय, हायवेला पुढच्या गाडीचं अंतर राखून चालते ते मला आवडलं. पण रात्री बिनलाईटची ऊसाची ट्रॉली बघायला आपलेच डोळे उघडे ठेवायचे, कुठल्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि गावात मी लेनचं असिस्ट बंदच ठेवतो, आपल्याकडं लेन हाय कुठं.

सीटा बघून घ्या. पांढऱ्या आतल्या रंगावर लाल माती आणि तुमची पाणंद, विचार करूनच अंगावर काटा येतोय. फोर बाय फोरला मोका ब्राऊन रंग पण काढलाय, तो मागा. आणि पप्पांना चढायला साईड स्टेप लावूनच घ्या, गाडी उंच हाय.

पाणंदवाला

@सासने_ग्राउंड ताई, तुमचा मेसेज बायकोला दाखवला, आता एमएक्स५ चं नाव काढायची सोय राहिली नाही. @चंदगडकर चाकोरीचं जे सांगितलासा ते अगदी आमच्या पाणंदीचंच वर्णन हाय, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरसकट. म्हणजे फोर बाय फोर नक्की. आता एएक्स५एल आणि एएक्स७एल ऑटोमॅटिक, दोघांत लाँचला दीड लाखाचा फरक होता (२०.९९ आणि २२.४९). वरचे दीड लाख टाकण्यासारखं काय हाय का? आणि ऑनरोडचं गणित कसं बसंल, वर्कशॉपच्या नावावर घेतली तर फायदा का?

आकडेमोड

आधी टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीला १० ते २० लाखांत १४ टक्के आणि २० च्या वर १५ टक्के रोड टॅक्स. त्यामुळं तुमच्या गाडीची आजची एक्स-शोरूम किंमत २० च्या आत का बाहेर हे बघा, कारण तिथं नुसत्या एका टक्क्यानं वीस हजार इकडचे तिकडं होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस (वरचा जादा कर) जाऊन असल्या मोठ्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के झालाय, किमती तेव्हा उतरल्या, म्हणून लाँचचे आकडे धरून बसू नका, कोटेशन आजच्या तारखेचं लेखी घ्या. १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस (गाडी विकतानाच घेतला जाणारा आयकर) पण कापतात, ते रिटर्न भरताना जमा धरलं जातं, ते खर्चात मोजू नका.

कंपनीच्या नावावर म्हणत असाल आणि ती प्रायव्हेट लिमिटेड असेल तर रोड टॅक्स थेट २० टक्के लागतो. घसारा (गाडीची झीज धंद्याच्या खर्चात धरणं) मिळतो ते खरं, पण सीएला बसवून दोन्ही बाजू मांडून घ्या, नुसतं मित्र म्हणाला म्हणून करू नका. मालकी वर्कशॉप असेल तर गाडी तुमच्याच नावावर निघते, तिथं हा विषय येत नाही.

कोटेशनमध्ये इन्शुरन्स, कोटिंग आणि ॲक्सेसरी पॅक ह्या ओळींवर बोट ठेवा. इन्शुरन्स बाहेरून घ्यायचा तुमचा हक्क हाय, बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचं पण खाली येतंय.

डिझेल_शून्यनऊ

दीड लाखाचं उत्तर मी देतो. एएक्स७एल मध्ये पॅनोरामिक सनरूफ, ३६० कॅमेरा, व्हेंटिलेटेड सीट, हरमन कार्डन आणि १९ इंची चाकं. ह्यातलं तुझ्या कामाचं एकच, ३६० कॅमेरा, गल्लीत आणि बांधाच्या कडेला खरंच उपयोगी. बाकी हौस हाय, हौसेला मोल नसतंय त्यामुळं मी नको म्हणत नाही.

पण १९ इंच हे तुझ्यासाठी उलट नुकसान हाय. १८ इंचीला २५५/६५, १९ इंचीला २५५/६० (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). हिशेब घाल, १८ वर रबराची भिंत साधारण १६६ मिमी, १९ वर १५३. दगडी पाणंदीत हवा कमी करून जायचं म्हटलं की ती जाडीच रिम वाचवते. पुढं ऑल-टेरेन टायर घालायचं ठरवलंस तर १८ मध्ये पर्याय जास्त आणि खिशाला पण परवडतंय.

सुरक्षेसाठी वरचं घ्यावं लागतंय असंही नाही. सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरताना गाडी सावरणारी सिस्टीम) सगळ्यात खालच्या एमएक्स१ पासून हायत. भारत एनकॅपनं (गाड्यांची सरकारी क्रॅश टेस्ट) २०२४ मध्ये ५ स्टार दिले ते एमएक्स३ आणि एएक्स५एल ठोकून बघून दिलेत, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९, पोरांसाठी ४९ पैकी ४५. तू घेणार तेच व्हेरिएंट त्यात हाय.

माझं मत एएक्स५एल ऑटोमॅटिक फोर बाय फोर. वरच्या पैशात साईड स्टेप, आफ्टरमार्केट ३६० कॅमेरा, चांगली रिकव्हरी दोरी आणि एक छोटा हवेचा पंप. शेवटचे दोन आधी घे.

तांबडा_पांढरा

जिमनी बघितलासा का? दोन्ही व्हेरिएंटला फोर बाय फोर आणि लो रेंज स्टँडर्ड, झेटा घ्या नाहीतर अल्फा, चिखलात सारखीच. वजनाला पण हलकी.

पाणंदवाला

@तांबडा_पांढरा बघितली, आवडली बी, पण चौघांचीच हाय आणि पेट्रोलच हाय. आम्ही पाच, त्यात शेतावरनं येताना मागं नारळाची पोती.

एएक्स५एल वर गाडी थांबली म्हणायला हरकत नाही. शोरूमला फोन केला तर एएक्स५एल फोर बाय फोरची टेस्ट ड्राइव्ह गाडी नाही म्हणतात, एएक्स७एल मागच्या चाकांची चालवून बघा म्हणतात. ती चालवून काय कळणार?

चंदगडकर

इंजिन, गिअरबॉक्स आणि बसायची उंची कळंल, ते सारखंच. सस्पेन्शनचं नाही कळणार, कारण १९ इंची चाकावर खड्ड्यात जरा जास्त धक्का बसतो, तुमची त्यापेक्षा मऊ जाईल. पप्पांना मागच्या सीटवर बसवून न्या आणि हायवेला न जाता रंकाळ्याच्या बाजूनं खराब रस्त्यावरनं घ्या, मागं बसणाऱ्याचं मत तिथं कळतंय. फोर बाय फोरची चालवायला दुसऱ्या गावच्या शोरूमला फोन लावा, सांगली-बेळगाव काय लांब नाही. बुकिंगचे पैसे त्याआधी भरू नका.