मदत हवी आहे: शेठचा ओटीपी अख्ख्या ऑफिसला, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, इचलकरंजीत सुताच्या एका पेढीवर अकाउंट्स बघते मी. आम्ही पाच जण, चार कॉम्प्युटर, आयटीवाला असा कोणी नाही, प्रिंटर अडला की मीच आणि नेट गेलं की पण मीच.

गेल्या पंधरवड्यात थोडक्यात वाचलो. नेहमीच्या पार्टीचा मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, या बिलाचं पेमेंट नवीन खात्यावर टाका. बिल नंबर बरोबर, रक्कम ३,४०,००० बरोबर, सोबत कॅन्सल चेकचा फोटो. आरटीजीएसचा फॉर्म भरून सहीला ठेवला पण होता. दुसऱ्याच कामाला त्यांना फोन लावला आणि सहज विषय काढला तर म्हणाले, कसलं नवीन खातं? मग मेल आयडी नीट बघितला, एक अक्षर जास्त.

पण त्याला बिल नंबर कळला कसा? शोधता शोधता आमच्याच जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग सापडलं, आमचे मेल कुठल्यातरी अनोळखी आयडीवर जात होते, कधीपासून देव जाणे. तो आयडी पाचही जण वापरतो, पासवर्ड पेढीचं नाव आणि पुढे १२३, मॉनिटरला चिकटवलेला (हसू नका). आता बदललाय, फॉरवर्डिंग पण काढलं.

खरं दुखणं पुढंच आहे. सगळे ओटीपी शेठच्या मोबाईलवर. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या (माल गाडीतून पाठवताना ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) पोर्टलला लॉगिन करताना सगळ्यांनाच ओटीपी सक्तीचा झाला तेव्हापासून दिवसातून दहा फोन, गाडी दारात भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, शेठ कुठल्यातरी लग्नात पंगतीला, तिथून ओरडून सहा आकडे सांगतात. उद्या कोणीही 'ऑफिसातनं बोलतोय' म्हणून फोन केला तर सांगणारच ना? बोलायला गेलं की म्हणतात, "आपल्याकडं चोरण्यासारखं हाय काय, सूत?" काय करू?

केबलवाला: नुसता पासवर्ड बदलून थांबू नका ताई. जीमेलचे फिल्टर्स पण बघा, तिथं असं लावून ठेवतात की पार्टीचा खरा मेल आला की थेट कचऱ्यात, तुम्हाला दिसतच नाही. रिकव्हरीचा नंबर आणि मेल तुमचाच आहे ना बघा, अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, मगच टू स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खात्री) चालू करा. तो फ्रॉड मेल डिलीट करू नका. आणि खातं बदललं म्हणून कोणी कळवलं तर फोन आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर, मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. चुकून पैसे गेलेच तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक, चर्चा नंतर.

जीएसटी_ग्रस्त: ई-वे बिल पोर्टलला सब-युजर काढता येतात की! प्रत्येकाचा वेगळा युजर, ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. शेठना एकदाच अर्धा तास बसवा. गोडाऊनच्या पोराला फक्त बिल काढायचे हक्क द्या, आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी युजर बंद, आमच्याकडं हे राहून गेलं होतं आणि जुना माणूस चार महिने आत होता.

धागाकर्ती: दोघांचे आभार, फिल्टर खरंच होता! अजून एक, शेठचा डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) कायम माझ्या मशीनला असतो, पिन त्याच्यावरच स्केचपेनने. मशीन विंडोज १० आहे.

केबलवाला: अहो म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक टेबलावर ठेवल्यासारखंच झालं. पिन बदला, काम झालं की टोकन काढून कुलपात. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून मशीन लॉक, चहाला जाताना सुद्धा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, निदान बँकेचं काम तरी दुसऱ्या मशीनवर न्या. टॅलीतल्या हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेता का? मग तो कायम लावून ठेवू नका, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर त्याच्यावरच्या पण जातील.

धागाकर्ती: अपडेट. सब-युजर झाले, काल दिवसभर शेठना एकही फोन केला नाही. चार वाजता त्यांचाच आला, "ऑफिस बंद हाय का आज?"