सातवी-आठवीला व्यसनांबद्दल शिकवायचंय, तास कसे आखावेत?

खडूफळा: दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांवर ४० मिनिटांचे तीन तास मिळालेत, वर्गात ३५ मुलं. काळ्या फुफ्फुसांची चित्रं दाखवा आणि व्यसनमुक्त झालेल्या कुणाचं तरी भाषण ठेवा, अशी सूचना आलीय. उपयोग होतो का?

निवांत: दोन्ही टाळा. भीती लवकर ओसरते. सिगारेट ओढणारा एखादा धडधाकट माणूस दिसला की मुलं बाकीचंही खोटं धरतात. भाषणातून "तोही सुटलाच ना" एवढंच काहींच्या डोक्यात उरतं. अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या 'डेअर' या व्यसनविरोधी शालेय कार्यक्रमात पोलीस वर्गात येऊन शिकवत. नंतरच्या पाहण्यांत त्याचा वागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

पहिल्या तासाला निनावी चिठ्ठ्या घ्या: तुमच्या वयाच्या दहांपैकी किती जण दारू पितात असं वाटतं? तू गेल्या महिन्यात प्यायलास/प्यायलीस का? अंदाज बहुधा खऱ्या आकड्याच्या कितीतरी पुढे असतो. तो फरक पुढच्या तासाला फळ्यावर मांडा. मोजणी मात्र आधी एकट्याने करा. खरा आकडाच मोठा निघाला तर दाखवू नका, उलटा परिणाम होतो. उत्तरं आकड्यांत आणि खुणांत घ्या, अक्षर ओळखू येतं.

पाटीपेन्सिल: दुसरा तास नकाराच्या सरावाला. पाच-पाच जणांचे सात गट, प्रत्येकाला चार मिनिटं. नकार एका वाक्याचा, मग विषय बदलणं किंवा तिथून निघणं. कारणं देत बसलं की समोरचा एकेक खोडत जातो. हा तास फसतो तो झिंगलेल्याच्या नकलेमुळे: वर्ग हसतो आणि नक्कल करणारा हिरो होतो. ती नक्कल आधीच बंद करा. आग्रह करणाऱ्याचं काम वर्गातल्या लाडक्या पोराला देऊ नका.

निवांत: बरोबर. तिसऱ्या तासाला मोजकी माहिती. १० ग्रॅम अल्कोहोल पचवायला यकृताला साधारण एक तास लागतो. कॉफीने किंवा गार पाण्याने तो वेग वाढत नाही. बेशुद्ध मित्राला कुशीवर वळवायचं, मुद्दाम उलटी करवायची नाही, एकटं सोडायचं नाही, मोठ्यांना बोलवायचं. नशेसाठी हुंगायच्या वस्तूंची यादी देऊ नका, ती कुतूहल वाढवते.

खडूफळा: एखाद्याने घरातलं काही सांगितलं तर?

पाटीपेन्सिल: "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे पहिल्याच तासाला स्पष्ट करा. आणि पुढच्या वर्षी उजळणीचे एक-दोन तास आत्ताच मागून ठेवा.