जुन्या बाजारातला फुलाफुलांचा जग: खरंच पोर्सेलिन आहे का?

कोथरूडची_मीरा:
गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक जग घेतला. वीतभर उंच. अंगभर बारीक गुलाब आणि पिवळी फुलं, इतकी दाट की मधे पांढरं दिसतच नाही. काठाची सोनेरी रेघ कानापाशी पुसट झालीय. विकणाऱ्याने 'दीडशे वर्षांपूर्वीचं पोर्सेलिन' म्हणून १८०० रुपयांना दिला. बुडाला 'मेड इन इंग्लंड' असा शिक्का आहे. आतून मात्र केसासारख्या तपकिरी रेघांचं जाळं आहे. आई म्हणते तडे गेलेत, फसलीस. मला तो फार आवडलाय. हे डाग ब्लीचने निघतील का?

बरणीवाली:
मीरा, ब्लीच अजिबात लावू नकोस! माझा एक निळ्या फुलांचा जग मी रात्रभर ब्लीचमध्ये ठेवला होता. सकाळी लख्ख दिसला, पण काही महिन्यांत त्याच्या पोटावरची झिलई पापुद्र्यासारखी सुटायला लागली. पंधरा वर्षं झाली, अजून हळहळ वाटते.

आईंना सांग, ते तडे नव्हेत. भाजलेली माती आणि वरची झिलई एकसारखी आकसत-प्रसरत नाहीत, म्हणून झिलईला बारीक भेगा पडतात. त्यांत चहा-दुधाचा डाग मुरतो. टिचकी मारून बघ. टणक नाद आला तर भांडं धड आहे. बद्द वाजलं तर कुठेतरी खरी चीर असू शकते, मग उजेडात कान आणि तोटीचे जोड नीट तपास.

आता पोर्सेलिनचं. रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च जगाच्या आत धर. पातळ पोर्सेलिन किंवा बोन चायना असेल तर बाहेरून उजेड दिसतो. तुझ्या वर्णनावरून मला तरी हे पोर्सेलिन नव्हे, साधी झिलई दिलेली भाजकी माती वाटतेय. त्यात कमीपणा काही नाही, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या कारखान्यांतून असे सुंदर जग ढिगाने निघाले.

दीडशे वर्षं विसर. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे. नुसतं 'इंग्लंड' साधारण तेव्हापासून दिसतं, 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं.

आणि ती दाट फुलं! त्या नक्षीला तिकडे चिंट्झ म्हणतात. माझी आजी फुलाफुलांच्या छापील कापडाला चीट म्हणायची, तोच हा शब्द. आपल्याकडचं छापील सुती कापड सतराव्या शतकात विलायतेला गेलं, नाव त्याच्याबरोबर गेलं. पुढे १९२८ पासून रॉयल विंटन या इंग्लिश कारखान्याने तशा नक्षीची भांडी काढली आणि ती धडाक्याने खपली. छापील कागदाचे तुकडे कापून बायका ते हाताने भांड्यावर बसवत. सपाट बशीवर सोपं, पण जगाचं पोट फुगीर आणि गळा निमुळता, म्हणून कुठेतरी जोड येतोच. कानाखाली बोट फिरवून बघ. माझ्याकडच्या एकतीस जगांत मी हा जोडच आधी शोधते, कारण तिथे कुणाचातरी हात दिसतो.

डागांसाठी जग आधी दिवसभर साध्या पाण्यात बुडव, मग औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आतल्या बाजूने लाव. सोनेरी रेघेला लागू देऊ नकोस. नंतर पुन्हा पाण्यात ठेवून आठवडाभर वाळू दे. सगळे डाग जाणार नाहीत, पण फिके होतील.

नाशिक_दादा:
एक भर घालतो. त्यात सरबत वगैरे देऊ नका, जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं. फुलं ठेवायची तर आत काचेचा पेला बसवा, भेगांतून पाणी झिरपतं.
ताई, माझ्याकडच्या जगावर 'निप्पॉन' लिहिलंय, तो कधीचा असावा?

बरणीवाली:
दादा, निप्पॉन म्हणजे जपानच. शिक्का खरा असेल तर साधारण १८९१ ते १९२१. त्यानंतर अमेरिकेने 'जपान' लिहा असा आग्रह धरला. मात्र निप्पॉनचे नकली शिक्के फार आहेत, बुडाचा फोटो टाका.

कोथरूडची_मीरा:
ताई, टॉर्च लावला, उजेड आला नाही. टिचकी मारली तर छान टणक वाजला. आणि कानाखाली बोटभर जागेत एक गुलाब अर्धाच आहे! त्याला चिकटून पिवळ्या फुलाच्या दोन पाकळ्या, बाकीचं फूल दुसऱ्या कागदाबरोबर गेलेलं. आई चष्मा लावून दहा मिनिटं तेच बघत होती. आता जग पाण्यात ठेवलाय.