गुहागर: शाळेच्या दोन खोल्या, पावसाआधी स्लॅब टाकू द्यावा का?

समितीसदस्य: जि. प. शाळेच्या दोन खोल्या जिल्हा वार्षिक योजनेतून मंजूर आहेत. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीअखेर निघाला. जुनी कौलारू इमारत अजून उभी आहे, निर्लेखनाचा (जुनी इमारत सरकारी नोंदीतून कमी करून पाडायच्या परवानगीचा) प्रस्ताव वर गेलाय. ठेकेदार म्हणतो, ३१ मार्चला निधी परत जाईल, लगेच पाडायला द्या, मेअखेर स्लॅब टाकतो. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. शाळा व्यवस्थापन समितीने काय बघायचं?

फाईलवाला: निर्लेखनाचा आदेश हातात आल्याशिवाय एक कौलही उतरवू देऊ नका. जुने वासे, कौलं, चिरे यांचं मूल्यांकन व्हायचं असतं. आधी पाडलंत तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागेल. निधीचा बाऊ नको. या योजनेचा पैसा जि. प.कडे आला की पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्चता येतो. ३१ मार्चची घाई बहुतेक बिलाची आहे.

आणि सातबारा काढा. जागा तोंडी बक्षीस दिलेली, उताऱ्यावर अजून मूळ मालकाचे वीस वारस, निम्मे मुंबईला, हे आपल्याकडे नेहमीचंच. हरकत चौथरा भरल्यावर येते.

साइटवरचा: आदेश एप्रिलमध्ये आला तर मेअखेर स्लॅब म्हणजे सगळं रेटून. जोत्यापर्यंत काम करा, भराव थर देऊन पाणी मारून ठोका, त्यावरचं काम पावसाळा सरल्यावर. स्लॅब दिवाळीनंतर. कॉलमच्या उघड्या सळ्यांना सिमेंटची राबडी लावून प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर चार महिन्यांत खारा वारा त्या खातो.

स्लॅबच्या दिवशी सळीखाली काय ठेवलंय ते वाकून बघा. सळी साच्यापासून उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, संपले की जांभ्याची कपची सरकवतात. जांभा पाणी पितो, गंज तिथूनच सुरू होतो. ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत, त्याहून लांब असेल तर २१.

समितीसदस्य: अंदाजपत्रकात काँक्रीट एम२० प्रतीचं आहे. वाळू खाडीची येणार म्हणतात.

साइटवरचा: मग खरी अडचण ही. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६:२००० प्रमाणे, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला त्याहून मजबूत एम३० आणि ४५ मिमी कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) लागतं. सरकारी दरसूचीतला ठरीव नमुना उचलला की असं होतं. उपअभियंत्यांना आत्ताच लेखी द्या. काम चालू झाल्यावर वाढीव बाब म्हणून सुधारित मान्यता घ्यायची तर महिने जातात, आणि ठेकेदार पदरचं घालणार नाही. खाडीची खारी वाळू नकोच, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) मागा. तिचा लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, अंदाजपत्रकात धरलाय का तेही बघा, नाहीतर रात्री खाडीचाच डंपर येईल. विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड तपासा: आरसीसीला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ते वाढतं, म्हणून नमुना मे महिन्यात घ्या.

फाईलवाला: पत्राची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे बिलासाठीच्या कामाच्या नोंदवहीत, येत नाही.