ग्राइंडरऐवजी कानस घ्या

सुऱ्यांना लाकडी मुठी बसवायच्या तर ग्राइंडर (घासायचं विजेचं मशीन) घ्या, असा सल्ला मिळतो, पण घरच्या दोन-चार सुऱ्यांसाठी तो कशाला? त्यापेक्षा पैसे चांगल्या कानशीत घाला. एक बाजू सपाट, दुसरी गोल अशी, लाकूड घासायची, मोठ्या दात्यांची. मुठीचा निम्मा आकार तिच्यावरच निघतो. लोखंड घासायची बारीक कानस लाकडावर चालवू नका, भुशाने दाते बुजतात. ती मूठ पात्याला जोडणाऱ्या पितळी रिव्हेटची (खिळ्यांची) डोकी घासायला ठेवा. पात्याला चिकटपट्टी गुंडाळूनच शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा. मुठीच्या लाकडाला भोकं पात्याच्या भोकातूनच पाडा, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. आणि शिसम पूर्ण वाळलेलंच घ्या. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ओलं लाकूड असं आकसतं की कडेनं पोलाद उघडं पडतं.