मदत हवी आहे: लिनक्स सुरू होताना भराभर सरकणाऱ्या पहिल्या ओळी वाचायच्या कशा?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात पोरांसाठी अभ्यासिका आहे. लोकांनी दिलेल्या चार जुन्या पीसींवर मी लिनक्स मिंट टाकून दिलंय. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारी पोरं त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात. परवा दुपारी एका पीसीवर अपडेट चालू असताना लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली. तेव्हापासून तो पीसी उठत नाही.

ग्रबपर्यंत, म्हणजे बूटच्या मेनूपर्यंत येतो, मग काळा पडदा. ग्रबमध्ये 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द काढले आणि कंट्रोल-एक्सने बूट केलं. आता ओळी दिसतात, पण नजर ठरत नाही. पडदा थांबतो तेव्हा तळाशी हे असतं: 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. त्याच्या वर नुसता कॉल ट्रेस, म्हणजे आतल्या फंक्शनांची यादी. शिफ्ट-पेजअप दाबलं तर काही हलत नाही. मोबाईलवर शूटिंग केलं, तर अक्षरं मुंगीएवढी आणि अर्ध्या ओळी पुसट.

तालुक्याच्या एका दुकानदाराने न उघडताच सांगितलं, हार्ड डिस्क गेली, नवीन टाका. पैसे वर्गणीचे आहेत. मशीन स्वतः काय सांगतंय ते वाचल्याशिवाय मला ते खर्च करायचे नाहीत. जर्नलसीटीएलचा, म्हणजे साठवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडचा, इथे उपयोग नाही. रूटच, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिमचा मुख्य भागच, माउंट होत नाही (जोडला जात नाही) तर जर्नल लिहिलं जाणार कुठे? ओळी हळू करायचा किंवा अक्षर मोठं करायचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १:
शिफ्ट-पेजअप तुमच्या हातून चुकत नाहीये दादा. कन्सोलवर मागे सरकायची ती सोय कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ५.९ आवृत्तीत, म्हणजे २०२० साली काढून टाकली. त्याच 'लिनक्स' ओळीच्या शेवटी 'बूट_डिले=१०० इग्नोर_लॉगलेव्हल' लिहा. दर ओळीमागे १०० मिलिसेकंद थांबेल, हजार ओळी असल्या तर दीड-पावणेदोन मिनिटं लागतील. मशीन अडकलंय असं वाटून बटण दाबू नका. अक्षरासाठी 'एफबीकॉन=फाँट:टीईआर१६एक्स३२' जोडा. तो फाँट तुमच्या कर्नलमध्ये बांधलेला असेल तरच चालेल, नसेल तर नुकसान काही नाही. हे बदल त्या एका बूटपुरतेच असतात.
एकही ओळ न येता पडदा काळा राहिला असता तर यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनवर 'अर्लीकॉन=ईएफआयएफबी कीप_बूटकॉन' लिहायला सांगितलं असतं. जुन्या लेखांत दिसणारं 'अर्लीप्रिंटके=व्हीजीए' यूईएफआयवर चालत नाही.

प्रतिसाद २:
भो, डिस्क घेऊ नको अजून. (०,०) म्हणजे कर्नलला रूटचं डिव्हाइसच मिळालं नाही. डिस्कचे ड्रायव्हर बऱ्याचदा इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या फाइलमध्ये असतात आणि अपडेटमध्ये लाईट गेली की नेमकी तीच फाइल अर्धवट राहते. मग चांगली डिस्कसुद्धा नसल्यासारखी वाटते. ओळी वाचून झाल्या की ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवडून पाहा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दारं लावून बसलो. बूट_डिले १०० ठेवलं, फाँटही चालला. दोन पोरं पडद्याला डोळे लावून, मी वही-पेन घेऊन. पॅनिकच्या बरंच आधी ती ओळ आलीच: 'इनिट्रॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड'. एका पोराने ती मोठ्याने वाचली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आधीच्या कर्नलवर मशीन पहिल्याच फटक्यात उठलं, डिस्कवरचं सगळं जागेवर. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवून अपडेट पुरतं केलं, मग 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल'. आता नवं कर्नलही चालतंय. चारही पीसींवर ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमधून 'क्वाएट स्प्लॅश' काढून 'अपडेट-ग्रब' केलं. बूट_डिले मात्र कायमचं ठेवलं नाही, पोरांचा वेळ जातो.

वर्गणीचे पैसे आता इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावतोय. बॅटरी येईपर्यंत अपडेट पहाटेच करणार, तेव्हा आमच्याकडे लाईट सहसा जात नाही.