वर्किंग पेपर्स 'पुरेसे' की 'पर्याप्त'?

वहीवाला: पतसंस्थांच्या स्टाफसाठी इंटर्नल ऑडिटची मराठी मार्गदर्शिका करतोय आणि गाडी एकाच वाक्यावर अडलीय. वर्किंग पेपर्स (म्हणजे काय तपासलं, काय आढळलं याच्या ऑडिटरच्या नोंदी आणि कागद) 'सफिशियंट' हवेत, याला एकाने 'पर्याप्त' लिहिलं, दुसऱ्याने 'पुरेसे', तिसरा म्हणतो 'परिपूर्ण' लिहा म्हणजे विषयच मिटला. सरकारी मराठीत पर्याप्त चालतं हे मान्य, पण वाचणार कॅशियर आणि शाखाधिकारी. काय ठेवावं?

रोजकीर्द: परिपूर्ण तर अजिबात नको. तो शब्द वाचला की माणूस थेट झेरॉक्स मशीनकडे धावतो, मग गठ्ठाभर फाईल होते आणि नेमकं काय तपासलं, कशासाठी तपासलं, याची एक ओळ त्यात सापडत नाही. पुरेसेच लिहा. पण बोलण्यात 'पुरे' म्हणजे 'भागतंय, चालून जाईल' असाही अर्थ निघतो, तेव्हा कशाला पुरेसे ते त्याच वाक्यात सांगा. आयआयए म्हणजे इंटर्नल ऑडिटर्सची जागतिक संस्था, तिच्या जुन्या 2310 क्रमांकाच्या मानकाच्या खुलाशात हे छान होतं, माहिती वस्तुस्थितीला धरून, पुरेशी आणि पटणारी हवी, इतकी की समंजस, जाणता माणूस ती पाहून ऑडिटरच्याच निष्कर्षाला येईल. पानांचा संबंधच नाही.

टिकमार्क: 9 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नव्या मानकांत 14.6 मध्ये आणखी स्पष्ट आहे, दुसऱ्या जाणकाराला तेच काम पुन्हा करून तोच निकाल काढता आला पाहिजे. आणि वैधानिक ऑडिटच्या एसए 230 या मानकातही (एसए म्हणजे स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) कसोटी त्याच जातीची, अनुभवी पण त्या ऑडिटशी आधी काही संबंध नसलेला ऑडिटर. थोडक्यात तुम्हाला फोन न करता फाईल समजली पाहिजे.

कॅशकाउंटर: हे स्टाफला असं सांगून नाही कळणार हो, उदाहरण द्या. 'रोख मोजली, बरोबर आढळली' हा शेरा आपण सगळ्यांनी वाचलाय. त्यावरून काय कळतं? काहीच नाही. आता हे बघा: 31 मार्च, संध्याकाळी 6.10, कॅशियर आणि शाखाधिकारी समोर, 500 च्या 412 नोटा, 200 च्या 95, 100 च्या 163, चिल्लर 48 रुपये, एकूण 2,41,348. रोजकीर्दीप्रमाणे शिल्लक 2,41,848. 500 कमी. कॅशियर म्हणाला टपालखर्चाचं व्हाउचर लिहायचं राहिलंय. इथे बरेच जण थांबतात आणि 'खुलासा समाधानकारक' लिहून मोकळे होतात!! व्हाउचर स्वतः पाहिलं का, तारीख कुठली, पावती जोडलीय का, मंजुरीची सही कुणाची, हे लिहिलं तर पुरेसं, नाहीतर ती नुसती ऐकीव गोष्ट.

वहीवाला: हे जसंच्या तसं घेतो. पण मग ऐकीव गोष्टी जास्त लिहिल्या, चार जणांचे जबाब घेतले, तर ते पुरेसं होतं का?

रोजकीर्द: नाही, आणि इथेच दोन शब्दांची गल्लत होते. किती आहे तो पुरेसेपणा, कितपत भरवशाचं आहे ती विश्वासार्हता. मॅनेजरने चार वेळा सांगितलं तरी तो एकच माणूस बोलतोय. बँकेतल्या शिल्लकेसाठी संस्थेने दाखवलेल्या स्टेटमेंटच्या झेरॉक्सपेक्षा बँकेकडून थेट ऑडिटरच्या हातात आलेलं पत्र केव्हाही वजनदार, मग ते एकच पान असो. मानकं हे गुण वेगवेगळे सांगतात, मराठीत सगळं 'योग्य कागदपत्रे'मध्ये कोंबलं की गेलं.

टिकमार्क: सॅम्पलचं विसरू नका. 'कर्जप्रकरणे नमुना पद्धतीने तपासली' हे वाक्य प्रत्येक रिपोर्टात असतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे. कुठली प्रकरणं, खातं नंबर काय, तीच का निवडली, मोठ्या रकमेची होती की थकलेली होती की हाताला लागली ती, हे फाईलमध्ये नसेल तर पुढच्याला काम पुन्हा करता येत नाही, म्हणजे 14.6 ची कसोटी तिथेच हुकली. बरं, ज्यात काही सापडलं नाही तीही लिहायची, नुसते आक्षेप नाही.

कॅशकाउंटर: आणि मार्गदर्शिकेत 'कार्यपत्रे' लिहू नका प्लीज, वर्किंग पेपरच राहू द्या, शाखेत तसंच म्हणतात.

वहीवाला: बरं, मग वाक्य असं करतोय: 'वर्किंग पेपर्स इतके पुरेसे असावेत की या तपासणीशी आधी संबंध नसलेल्या जाणकार व्यक्तीस, कोणासही न विचारता, तेच काम पुन्हा करून तोच निष्कर्ष काढता यावा.' लांबलंय का?

रोजकीर्द: लांबलंय थोडं, पण चालेल. 'व्यक्तीस'चं 'माणसाला' करा फक्त, आणि 'कोणासही'चं 'कुणालाही'.